उजवी पाकळी

महाड,
४ मार्च १९६५

प्रिय सहदेव,

सप्रेम नमस्कार. असा लिहायचा प्रघात आहे म्हणून लिहिला. मी तुझ्यावर भयंकर चिडलो आहे आणि ते तुला पहिल्याच ओळीत कळलेलं बरं.

तू बंगलोरला गेल्यापासून चार वर्षांत तुझी चार पत्रं आली. मी एकाचंही उत्तर दिलं नाही हे खरं. पण म्हणून चौथ्या पत्रात तू असं लिहावंस? “महिपत, तुला मोठं काम करायचंच नाही, तुला नुसतं त्याबद्दल बोलायचं असतं.” अरे, तू कोण लागून गेलास मला हे सांगणारा? तुझ्या टेबलावर वायरलेस सेट असतात, शेजारच्या टेबलावर तुझ्यासारखीच डोकी चालणारी आठ माणसं असतात, अडलं की उठून विचारता येतं. माझ्या शेजारी कोण असतं ठाऊक आहे? कोंबडी.

थट्टा नाही करत. महाड आणि पोलादपूर मिळून माझ्याकडे ग्रामपंचायतींचे बासष्ट रेडिओ आहेत. पाठीवर बॅटऱ्या घ्यायच्या, एस.टी. जाईल तिथे एस.टी.ने आणि नाही तिथे पायी जायचं, जुनी बॅटरी काढून नवी लावायची, सरपंचाची सही घ्यायची आणि पुढचं गाव गाठायचं. मागच्या महिन्यात बिरवाडीजवळच्या एका गावात गेलो, तर सेटवर गोणपाट टाकून त्यावर कोंबडी बसवलेली. सरपंचाची आई रंगूबाई दारातूनच ओरडली, “तिला उठवू नका हां, मास्तर! सेट कसा ऊबदार असतो. आठ दिसांत पिल्लां निघतील, तवर ऱ्हाऊ द्या तुमच्या बातम्या.” मी आठ दिवसांनी परत गेलो. अकरा पिल्लं निघाली होती. चार वर्षांत माझ्या खात्याचं एवढं एकच ठळक काम झालं असेल.

घरचं विचारशील म्हणून लिहितो. आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. मालोजीदादाचं भात बरं झालं. मी त्याच्याशी कामापुरतं बोलतो. माझ्या लग्नाचं विचारू नकोस.

आमच्या साहेबांना मी दिवाळीत एक टिपण दिलं होतं. कुठला सेट कधी बंद पडला, कशाने पडला, पाऊस किती झाला होता, सेट कुठल्या भिंतीला ठेवला होता, अशी चार वर्षांची नोंद. दोन वह्या भरल्या होत्या त्यातून ते काढलं. साहेबांनी चाळलं आणि विचारलं, “सध्या वाजतायत ना सगळे?” म्हटलं, वाजतायत. “मग झालं तर.” पालथ्या घड्यावर पाणी! त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. “सकपाळ, हे तुमचं तिसऱ्या पानावरचं चुकलंय,” असं म्हणाले असते, तर मी त्यांना चहा पाजला असता.

मला कामाचा कंटाळा नाही रे. मला एकट्याच्या कामाचा वीट आला आहे. माझं चुकतंय असं सांगायला या बासष्ट गावांत एक माणूस नाही.

आठवतं का, मुंबईला शेवटच्या वर्षी आपल्या त्या ॲम्प्लिफायरला गुणगुण लागली होती? काही केल्या जाईना. तू फळ्यावर गणित मांडत होतास, मी खोक्यात डोकं घालून बसलो होतो. सकाळी जे भांडायला लागलो ते जेवायचंही विसरलो. तू मला गाढव म्हणालास, मी तुला वाळवी म्हणालो, कारण तू पुस्तकंच खायचास. आणि चारच्या सुमारास तू फळ्यावरून आणि मी खोक्यातून, दोघांनी एकाच कंडेन्सरवर बोट ठेवलं. मला त्यानंतर तसं कधीच वाटलेलं नाही. मला ते परत हवं आहे, आणि ते तुझ्याकडे मागावं लागतंय याचाही राग येतो आहे.

दुसऱ्या दिवशी सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, “सहदेवचं डोकं आणि महिपतचे हात.” सगळे हसले. तूही हसलास. असो.

आणि बंगलोरला न येण्याचं खापर तू माझ्या माथ्यावर फोडू नकोस. दोघांनाही नोकरीचं बोलावणं आलं होतं, मला काय यायचं नव्हतं? पण दादाने वाघजाईला कौल लावायला सांगितलं. तू याच तालुक्यातला, तुला काय समजावायचं? देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. डावी पडली. कुशाबा गुरवाने सगळ्यांसमोर सांगितलं, “देवीची मर्जी नाय.” आई देवळातच रडली, आनंदाने. आता देवीच नाही म्हणाली तर मी काय तिच्याशी भांडायला हवं होतं? दादाने हे काढलंच नसतं, तर मी आज तुझ्या शेजारच्या टेबलावर असतो. त्याला विचार जाब. पोलादपूरच्या स्टँडवर तू माझ्यासाठी दोन गाड्या सोडल्यास, त्याचं मला वाईट वाटतं. पण माझा इलाज नव्हता.

तेव्हा मला मोठ्या कामाबद्दल शिकवू नकोस.

आपला,
म. रा. सकपाळ
रेडिओ मेकॅनिक

ता. क. — तुमचे सेट टेबलावर उत्तम चालतात आणि सरहद्दीवरच्या ओल्या डोंगरात महिन्याभरात मरतात, आणि तुम्ही नऊ जण सहा महिने गणितं करताय, हे वाचून मला हसू आलं. सेट उघडा आणि ट्रान्सफॉर्मरची केसाहून बारीक तार जिथे डाख देऊन जोडली असते, तिथे भिंग लावून बघा. हिरवा ठिपका दिसेल. तार तिथे कुजून तुटलेली असेल. शिवथरच्या सेटमध्ये मला हे पहिल्यांदा सापडलं. मी दुरुस्त केलेले सेटच आधी का मरतात, हे मला दोन वर्षं कळेना. मग वहीवरून लक्षात आलं, उन्हाळ्यात दुरुस्त केलेले मरतात. माझ्या बोटांचा घाम! घामातलं मीठ तारेला लागतं, वर पावसाळ्याची ओल. आता मी ट्रान्सफॉर्मर परातीत ठेवून भाताच्या तुसाच्या मंद विस्तवावर वाळवतो, चिमट्याने धरतो, आणि वितळलेल्या मेणात बुडवतो. मेण डोंगरातल्या वरच्या वाडीतले लोक मधाची पोळी काढून आणून देतात. अशा एकोणीस सेटांपैकी गेल्या दोन पावसाळ्यांत एकही मेला नाही. करून बघा. नाही जमलं तर कळव, म्हणजे मला आनंद होईल.


महाड,
२८ एप्रिल १९६५

प्रिय सहदेव,

नमस्कार. तुझं सात पानी पत्र पोचलं. मी ते पोस्टाच्या पायरीवर उभ्याने वाचलं आणि माझी शिवथरची गाडी गेली. पुढची गाडी मिळेपर्यंत आणखी दोनदा वाचलं.

बारा सेट तयार केलेत, ओल्या खोलीत महिनाभर ठेवलेत, आणि नऊ टिकले! तुम्ही सगळे त्या हिरव्या ठिपक्याभोवती भिंग घेऊन जमलात, आणि तुझे साहेब म्हणाले, “हा कोण माणूस आहे?” हे वाक्य मला पाठ झालं आहे. हे लिहिलंस त्याबद्दल तुझ्या पुढच्या सात चुका माफ.

पण तीन मेले. तीन का मेले? सात पानांत तू त्याचं एक ओळभरही कारण देत नाहीस! तीन म्हणजे काय थोडे झाले? डोंगरात तीन चौक्यांवरची माणसं मुकी झाली असती. तुम्ही मेणात बुडवायच्या आधी वाळवलं किती वेळ? नुसतं हाताला कोरडं लागेपर्यंत? मग ओल आतच कोंडली गेली असणार, आणि ते न बुडवण्यापेक्षा वाईट. डाख देणाऱ्या पोरी बोटांनी तार सरळ करतात का? तू त्यांच्या शेजारी बसून पाहिलंस का, की नुसतं फळ्यावरून हुकूम सोडलास? एवढी शिकलेली माणसं, आणि मेलेले तीन सेट तसेच फळीवर ठेवून मला पत्र लिहीत बसता! मी शिवथरला बॅटरी बदलत होतो आणि डोक्यात ते तीन सेट. नवी बॅटरी उलटी जोडली. असं माझ्या हातून चार वर्षांत झालं नव्हतं. ग्रामपंचायतीचा दत्ताराम म्हणाला, “मास्तर, तुमचा ध्यान कुटं हाय? बायको बघून आलाव काय?”

आता तुझ्या साहेबांच्या निरोपाबद्दल. एक जूनपर्यंत हजर व्हायचं, जागा तात्पुरती, आणि काम तुझ्या हाताखाली. तुझ्या हाताखाली! एका बाकावर बसलो, एका ताटात जेवलो. चार वर्षांपूर्वी आलो असतो तर बरोबरीने असतो, हे तू लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं. दिवसभर मी या गोष्टीवर चरफडलो. संध्याकाळी लक्षात आलं की मी बंगलोरला कुठली वही आधी दाखवायची याचा विचार करतो आहे.

पण ते जमेल असं धरून चालू नकोस. दादाला विचारावं लागेल. तो म्हणेल, मागचा कौल डावा झाला आहे, देवीला परत विचारू. आणि देवी परत नाही म्हणेल. माझं नशीबच तसं.

तू विचारलंस, “दोन गाड्या सोडल्या हे तुला कोणी सांगितलं? मी तर कधी लिहिलं नव्हतं.” पोलादपूर लहान गाव आहे, कोणीतरी सांगितलं असेल. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्या लक्षात नाही. असले फाटे कशाला फोडतोस?

आईने काल येणाऱ्याबरोबर गरे पाठवले होते. मी खोलीवाल्यांना वाटून टाकले. मी हल्ली फणस खात नाही.

त्या तीन सेटांचं कळव. तारेने कळवलंस तरी चालेल.

तुझा,
महिपत


कापडे,
१७ मे १९६५

सहदेव,

घरी सगळे ठीक. तुझी आई परवा बाजारात भेटली, तब्येत बरी दिसली.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन चुलीत घातली. त्यांत मी दादावर, आमच्या साहेबांवर, मुंबईच्या सरांवर आणि तुझ्यावर मनसोक्त रागावलो होतो. आता रागवायला एकच माणूस उरला आहे. त्याच्यावर एवढा रागावलो आहे की धड लिहिता येतं का, बघतो.

शनिवारी घरी आलो आणि तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. तो दावं वळत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जायाचा हाय काय तुला?”

“हो.”

“मंग देवीला परत इचारू. मागला कौल डावा झालाय, तो तसाच मागं टाकून जायाचा नाय. कुशाबाला मी सांगतू.”

मी म्हटलं ना, असंच होणार होतं. मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, तुझ्या या कौलापायी माझी चार वर्षं मातीत गेली. तो दावं वळत राहिला.

ज्याच्यासाठी कौल, त्यानेच फुलं आणायची आणि उजवी-डावी पाकळी ताम्हनात वेगळी मांडायची, ही आमच्या गावची रीत. काल सकाळी आंघोळ करून मी ताम्हन घेऊन देवळामागे गेलो. तिथे तगरीचं झाड आहे आणि त्याला लागूनच फणस. कोणीतरी नुकताच एक फणस उतरवला होता, देठातून चीक गळत होता. माझ्या बोटाला चीक लागला.

लागला नाही. मी लावला.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातही मीच लावला होता. त्या वेळी उजव्या पाकळीला. दगडाला चिकाने चिकटलेली पाकळी पडते कशाला? पाण्याने लावलेली डावी सुकली आणि पडली. देवीने नकार दिलाच नव्हता सहदेव. मी तिच्या तोंडून तो वदवून घेतला. आणि वर चार वर्षं चोराच्या उलट्या बोंबा मारत फिरलो.

का, ते विचारशील. सर म्हणाले होते, सहदेवचं डोकं आणि महिपतचे हात. बंगलोरचं बोलावणं हातात पडलं आणि मला वाटलं, तिथे सगळी डोकीच असतील. मी फळ्यासमोर उभा राहीन आणि कोणीतरी हसेल. इथे मला कोणी हसणार नव्हतं. इथे बासष्ट सेटांचा मी राजा होतो, वासरांत लंगडी गाय शहाणी. मोठ्या कामाची मला भूक होती, हे खोटं नाही. पण त्या कामात मी अपुरा पडेन याची भीती वाटली, आणि ती भीती दादाला, आईला, तुला सांगायची लाज वाटली. देवीला सांगायला लागत नाही.

काल मात्र मला यायचं होतं. म्हणून या वेळी मी चीक डाव्या पाकळीला लावला. म्हणजे उजवी पडणार, देवी हो म्हणणार, सगळं बिनबोभाट. तुला येतो म्हणून तार करायचा मजकूरही मी मनात जुळवला होता.

देवळात दादा, आई आणि कुशाबा गुरव. कुशाबाला आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, तो सगळं चाचपून करतो. त्याने ताम्हनातली उजवी पाकळी घेतली, पाण्यात बुडवून लावली. मग डावी उचलली. तिच्यावरून अंगठा फिरवला आणि थांबला.

“या बारीला डावी व्हय रे?” तो म्हणाला. “मागल्या बारीला उजवी हुती.”

दादा म्हणाला, “काय बोल्लास, कुशाबा?”

“काय नाय. तुझ्या भावाच्या हाताला चीक हाय. मागंबी हुता.”

आणि तुला माझा स्वभाव माहीत आहे. खाली मान घालायची, तर मी त्या म्हाताऱ्यावरच उखडलो. म्हटलं, “तुला तेव्हाच कळलं होतं तर बोलला का नाहीस? चार वर्षं माझी गेली!”

कुशाबा शांतपणे म्हणाला, “मी कशाला बोलू? मला वाटला, पोराला जायाचा नाय आनि घरच्यांना सांगायची लाज वाटतंय. देवीच्या आड लपतंय तर लपू दे. लय जन लपतात. ती कुनाला हाकलत नाय.”

आई विचारत होती, काय झालं, काय झालं. दादाने माझं मनगट धरलं आणि मला ओढत घरी आणलं. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला ओट्यावर बसवलं, आतून खोबरेलाची बाटली आणली, आणि माझी बोटं एकेक करून चोळायला लागला. चीक पाण्याने जात नाही, तेलानेच जातो. मी सत्तावीस वर्षांचा घोडा, आणि तो लहानपणी पुसायचा तशी माझी बोटं पुसत होता. तिसऱ्या बोटावर आला तेव्हा बोलला.

“कौलाचा मी का काढला, ठाव हाय तुला? आई तुला सोडीत नव्हती. म्हनलं, देवीनं हो म्हनलं का आई गप बसंल. उजव्या कौलासाठी मी नारळ बोल्लू हुतू. चार वर्सं तू माझ्याशी धड बोल्ला नायस महिपत. मी म्हनायचा, जाऊ दे, देवीच्या मर्जीचा राग पोरगा माझ्यावर काढतंय, काढू दे.”

एवढंच बोलला. मग बाटलीला बूच लावून गोठ्यात निघून गेला. मी त्याच्या पाया पडायला उठलो होतो, तो थांबला नाही. सहदेव, मला आजवर साहेबांनी, सरांनी, तू, कोणी कोणी जे ऐकवलं, त्यातलं काहीही मला त्या तेलाच्या बाटलीएवढं लागलं नाही.

दुपारी आम्ही परत देवळात गेलो. दादाने चार वर्षांपूर्वी बोललेला नारळ बरोबर घेतला होता. कुशाबाने कौल लावायला नकार दिला. “आता इचारायचा नाय,” म्हणाला. “इचारून तू ऐकतूस कुटं?” त्याने नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घातलं, “आई वाघजाई, लेकरानं तुझ्या नावावर खोटा सांगितला, त्याला पदरात घे. आता जायाचा हाय तर त्याच्या पायानं जाऊ दे, आनि नाय जमला तर त्याच्याच पायानं परत येऊ दे.” आई म्हणाली, “होय म्हाराजा.” रडली नाही. बहुतेक रागावली आहे. जेवताना मला दोनदा वाढलं, पण बोलली नाही.

तर मी येतो आहे. देवीने सांगितलं म्हणून नाही, दादाने पाठवलं म्हणून नाही. जमलं नाही तर बोट दाखवायला आता कोणीही शिल्लक नाही. याची मला कालपासून भयंकर भीती वाटते आहे. तुझ्या साहेबांना हे सांगू नकोस. किंवा सांग, मला आता काही लपवायचं नाही.

उद्या महाडला जाऊन राजीनामा देतो. साहेब विचारतील, “सेट वाजतायत ना सगळे?” वाजतायत.

दोन वह्या आणि मेणाची एक ढेप घेऊन येतो. तुझ्या हाताखाली काम करीन, पण भांडणार. चूक दिसली की तुला गाढव म्हणणार, आणि माझी दिसली की तू म्हणायचंस, सगळ्यांसमोर. कोणी हसलं तर हसू दे. डोकं आणि हात हे मात्र परत कोणी बोललं तर त्याच्या तोंडावर सांग की चूल मांडून ट्रान्सफॉर्मर वाळवायचं हातांना सुचत नसतं. हे तू त्या दिवशी सरांना सांगायला हवं होतंस. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो खरा आहे, तो मी सोडणार नाही.

ते तीन मेलेले सेट मी येईपर्यंत उघडू नकोस. आपण दोघांनी मिळून उघडायचे.

राहता राहिल्या दोन गाड्या.

मला कोणी सांगितलं नाही. मी तिथे होतो. स्टँडसमोर भाताची गिरणी आहे ना, तिच्या दाराआड उभा होतो. कोंड्याने अंग माखलं होतं. तुझी पत्र्याची पेटी होती, तिला हिरवी दोरी बांधलेली. पहिली महाबळेश्वर गाडी आली, कंडक्टरने तुला हाक मारली, तू मान हलवलीस. दुसरी आली तेव्हा तू पेटी टपावर चढवलीस, आणि गाडी सुटता सुटता उतरवून घेतलीस. कंडक्टर तुला काय बोलला, ते मला समोरपर्यंत ऐकू आलं. पन्नास पावलं होती. मी रस्ता ओलांडून नुसतं सांगू शकलो असतो, सहदेव, मला भीती वाटते. तू मला शिव्या देऊन गाडीत घातलं असतंस.

तिसऱ्या गाडीत चढताना तू वळून थेट गिरणीच्या दाराकडे पाहिलंस. मी तुला दिसलो का, हे मला चार वर्षं कळलेलं नाही. दिसलो असूनही तू चार पत्रं लिहिलीस, असं असेल तर मला सांगू नकोस. निदान ते तीन सेट लागेपर्यंत तरी सांगू नकोस.

अठ्ठावीस तारखेला निघतो. पहिल्याच गाडीने.

गिरणीच्या दाराआडून बाहेर आलेला,
महिपत